सोबत कोणी मोठं आहे का?

९ फेब्रुवारी

वन्सं,

फोन करू नका असं मी म्हणाले, त्याचा राग मानू नका. तुमचं नुसतं "हॅलो" ऐकलं तरी ह्यांचाच आवाज येतो. शेवटचं अक्षर ओढायची खोड तुम्हा दोघा भावंडांची एकच. परवा तुमचा फोन आला तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही. म्हणून पत्र. लिहिताना निदान आवाज नसतो.

इथलं सगळं उरकलं. तरणतलावावरची माणसं लोटली होती. ह्यांनी पोहायला शिकवलेली मुलं, त्यातली काही आता स्वतःच बाप झालेली. मला कोणी फारसं ओळखत नव्हतं. सगळे खारूलाच शोधत होते. लहानपणापासून मास्तरांच्या मागे शिट्टी वाजवत फिरायची ती हीच. आईंनाही सांगितलं. पक्षाघातानं वाचा गेलीय, पण कळतं सगळं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दोन दिवस पेज गिळली नाही. आता घेतात थोडी.

लिहायला बसले ते खारूसाठी. पोर बोलत नाही हो. आपल्या घरात रेडिओ घ्यायची गरज नाही असं हे म्हणायचे, इतकी बडबडी. आता "हो", "नाही", "नको", एवढ्यावर दिवस काढते. शाळेतून दोनदा निरोप आला, जात नाही. रडतही नाही. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं.

तिकडून परत येताना वाटेत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही म्हणाला होतात, विमान बदलायचंय तिथे अकरा तास थांबावं लागेल, पण काळजी नको, लाउंजचा पास काढलाय. लाउंज म्हणजे काय तेही तुम्हीच सांगितलंत: विमानतळावरची वेगळी बसायची जागा, सोफे असतात, अंघोळ करता येते, खायला मिळतं, शांतपणे झोपता येतं. मी निर्धास्त झाले. पण ती घरी आली तेव्हा पायांतले बूट निघेनात, इतके पाय सुजलेले. सोफ्यावर झोपून आलेल्या माणसाचे पाय असे सुजतात का?

ह्यांची शवपेटीही तिच्याबरोबर आली नाही, दोन दिवसांनी आली. आम्ही सगळे विमानतळाच्या फाटकाशी उभे होतो आणि ही एकटीच बाहेर आली. काहीतरी घोळ झाला. ते जाऊ दे.

खरं तर उपचारांना ह्यांच्याबरोबर मीच जायची. पण आईंना कोणाच्या हाती सोडणार होते? आणि तिथल्या डॉक्टरांची भाषा मला कुठे येते? खारूला येते, म्हणून तिला धाडलं. परत येताना तुम्ही बरोबर असाल असं मी धरून चालले होते. रजा मिळाली नाही म्हणालात. मोठ्या हॉटेलातली व्यवस्थापकाची नोकरी, नसेल मिळत.

तिनं तुम्हाला काही सांगितलं असेल तर कळवा.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. कितीदा वाचलं ते विचारू नका.

खारू मला काहीच बोलली नाही. मी तिला विमानात बसवून आले. अगदी नीट गेली. पासही तिच्या फोनमध्ये घालून दिला होता. त्या लाउंजचे फोटो पाहूनच घेतला होता मी. निळे सोफे, मंद दिवे, पांघरायला चादरी. तिला कशी झोप हवी होती ते तुम्हाला माहीत नाही. शेवटचे आठ-दहा दिवस ती खुर्चीतच असायची, दादाच्या पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून. म्हटलं, अकरा तास का होईना, पोर आडवी होईल. ती तिथे झोपलीच असणार. पाय विमानात सुजतात, वहिनी. सगळ्यांचेच सुजतात.

रजेचं म्हणाल तर सध्या गर्दीचा मोसम आहे. मी मागून पाहिली, नाही मिळाली. भावाला पोचवायला बहीण गेली नाही, हे लोक बोलत असतील. बोलू देत.

तुमची लेक इथे कशी वागली ते मात्र तुम्हाला सांगायला हवं. एकदा मोठे डॉक्टर आले. खारू मध्ये उभी, ते बोलणार आणि ही दादाला आपल्या भाषेत सांगणार, असं रोजचंच चाललेलं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही उरलं नाही, त्रास होऊ नये एवढं पाहू. मला इथली भाषा मोडकीतोडकी कळते, एवढं नक्की कळलं. खारूनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दादाला म्हणाली, "बाबा, ते म्हणतात औषध बदलून बघू. थोडा वेळ लागेल." दादा हसला. म्हणाला, "बघू की. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "आत्या, खरं सांगितलं तर बाबा हातपाय मारायचं सोडून देतील." त्यानंतर शेवटपर्यंत तिनंच सगळं निभावलं. डॉक्टर एक सांगायचे, ही दुसरं. दादा गेला तेव्हा ती बाहेर यंत्रातून कॉफी आणायला गेली होती. दोन पेले घेऊन आली आणि दारात परिचारिका उभी. त्या बाईला काही सांगावं लागलं नाही.

अशी मुलगी प्रवासातल्या गैरसोयीनं मुकी होईल, हे मला पटत नाही. घरी आल्यावर काही झालं का, वहिनी? कोणी काही बोललं का तिला?

तुमची,
वन्सं म्हणता तीच


१७ मार्च

वन्सं,

कोणी काही बोललं का, असं मलाच विचारता! आधी तुमच्या त्या निळ्या सोफ्यांचं ऐका.

गेल्या महिन्याच्या शेवटी एकदा तिची गादी घालत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तिथे लाउंजमध्ये तरी झोपलीस ना गं चांगली?" तर म्हणाली, "मला आत घेतलं नाही." एवढंच. आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथे एक गिऱ्हाईक येतात, सतत विमानानं फिरणारे. त्यांच्याकडून त्या लाउंजवाल्यांना तक्रार लिहून घेतली. पंधरवड्यानं उत्तर आलं, त्यांनीच वाचून दाखवलं. "आपल्या पाल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अठरा वर्षांखालील प्रवाशांना सोबत प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय लाउंजमध्ये प्रवेश देता येत नाही. हा नियम अल्पवयीन प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीच केलेला आहे. पुन्हा सेवेची संधी द्यावी." वाचता वाचता ते गृहस्थच ओशाळले.

सुरक्षिततेसाठी! म्हणून पोरीला दाराबाहेर, लोखंडी खुर्चीवर, जगातल्या यच्चयावत माणसांच्या येण्याजाण्यात बसवून ठेवली. विमानकंपनीला मी आधीच विचारलं होतं, मुलीला सांभाळून नेणारं कोणी द्याल का. तर ते म्हणाले होते, सोळा पूर्ण झाली, आमच्या हिशेबी ती मोठी. म्हणजे तिकीट काढताना बाई आणि सोफ्यावर बसताना बाळ. माझ्या लेकीसाठी कुणाच्याच कायद्यात जागा नव्हती.

पण त्यांना काय बोल लावायचा, ते परके. नियम पासावरच छापलेला असतो म्हणे. फोटो पाहिलेत, चार ओळी वाचता आल्या नाहीत? आणि मुळात पास कशाला हवा होता? "सोबत कोणी मोठं आहे का" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही होतात. सख्खी आत्या. त्या पेटीत तुमचा भाऊ होता. तुमच्या आईचं हगणंमुतणं गेली सात वर्षं मी काढतेय. त्याबद्दल कधी ब्र काढला नाही, आज काढते. माझ्या मुलीबरोबर दोन विमानं बसायला तुम्हाला मोसम आडवा आला.

यावर रजेचं कारण पुन्हा लिहिणार असाल तर पत्र पाठवू नका.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

रजेचं लिहीत नाही. रजा मी मागितलीच नव्हती.

मी व्यवस्थापक नाही. हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना आहे, तिथे चादरींना इस्त्री करते. या देशात राहायचे माझे कागद संपून सहा वर्षं झाली. पुन्हा करून द्यायला कोणी उभं राहिलं नाही. तेव्हापासून मी इथे आहे आणि नाहीही. पोलीस दिसला की रस्ता बदलते. दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडे जात नाही. विमानतळावर पाऊल टाकलं तर पकडतील, किती दिवस कोंडून ठेवतील सांगता येत नाही, आणि मग कायमचं बाहेर.

दादाला माहीत होतं. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही, कारण मीच शपथ घातली होती. खारूला दवाखान्यात कळलं. दादा गेल्यावर मृतदेह ताब्यात घ्यायला सही हवी होती, आणि मी हातात पेन घेऊन तशीच उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईंना म्हणाली, "ही नात्यातली नाही, शेजारीण आहे." मग दवाखान्यातल्या समाजसेविकेनं पुढचं सगळं केलं. माझ्या भावाच्या मरणाच्या कागदावर मी शेजारीणही नाही.

मी तिला विमानात बसवून आले, हेही खोटं. विमानतळाच्या आधीच्या थांब्यावर मी बसमधून उतरले. तिनंच उतरवलं. "पुढे पोलीस असतात आत्या, तू इथेच उतर." मी उतरले, वहिनी. बस निघाली. ती मागच्या बाकावर मांडीवर कागदांची फाइल धरून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही, बरं केलं.

तुम्ही म्हणाल, पकडलं असतं तर पकडलं असतं, नाहीतरी घरीच पाठवलं असतं. हे मी स्वतःला रोज म्हणते. खरं कारण एवढंच की घाबरले. सहा वर्षं भिऊन राहिलं की भीती अंगात हाडासारखी होते, वेळेला वाकत नाही.

पासावरचा नियम मी वाचला नाही. माझ्यासारखीला नियम वाचायची भीतीच वाटते. सगळ्यात शेवटी "तुम्हाला नाही" असंच लिहिलेलं असतं.

आईला यातलं कळू देऊ नका. ती अजून मला व्यवस्थापक समजते.

तुमची अपराधी


२८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र दुकानातच उघडलं. नंतर गिऱ्हाइकाला उलटीच काच बसवून दिली.

काय लिहू? राग होता तोवर बरं होतं, कशाला तरी धरून उभी होते. आता तोही गेला.

तुम्ही विचारलं होतंत, कोणी काही बोललं का. मी बोलले.

ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी तीस-चाळीस माणसं होती. रात्रभर जागी होते मी, धुक्यानं विमान लांबलं म्हणत होते. ही आली, हातात फाइल. मी विचारलं, "बाबा कुठे?" म्हणाली, "मागच्या विमानानं येतील." येतील म्हणाली, जसे काही ते जिवंत आहेत. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बापाला तिथे टाकून आलीस? लाज नाही वाटली एकटीला यायला?" मास्तरांची सगळी मुलं ऐकत होती. कोणीतरी मला मागे ओढलं.

खारूनं फाइल माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर हे असं आहे.

माफी मागायला तिच्यासमोर जाऊन उभी राहते, पण ती अशी बघते की तोंडच उघडत नाही. रोज तलावावर जाते. पाण्यात उतरत नाही, काठावर बसून येते. तिथला चौकीदार सांगत होता.

तुम्ही तिला लिहून बघा. तुमच्याशी कदाचित बोलेल. हातापाया पडते.

वहिनी


२२ मे

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तू सारखी माफी मागतेस ते बंद कर. तुला मीच उतरवलं होतं.

काय झालं ते सांगते, म्हणजे तू विचारायची थांबशील.

लाउंजचं दार काचेचं होतं. आतून टोस्ट भाजल्याचा वास येत होता. टेबलाशी एक बाई होती, तुझ्यापेक्षा लहान असेल. तिनं फोनवरचा पास यंत्राला दाखवला, हिरवा दिवा लागला. मग पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, "सोबत कोणी मोठं आहे का?" मी म्हटलं, "बाबा आहेत." ती म्हणाली, "कुठे आहेत?" मी म्हटलं, "खाली." ती हसली. चांगली होती गं ती. म्हणाली, "मग त्यांना वर बोलाव आणि दोघं मिळून आत या."

मी बरं म्हणून बाहेर आले. समोरच खुर्च्या होत्या, तिथे बसले. बाबा गेले, असं तोवर मी कुठल्याच भाषेत म्हटलं नव्हतं. तुला नाही, आईला नाही. आईला तूच फोनवर कळवलंस. त्या टेबलावरच्या बाईला सांगितलं असतं तर कदाचित आत घेतलं असतं. पण मला ते म्हणता येईना. दर थोड्या वेळानं ती दारातून माझ्याकडे बघायची आणि हातानं विचारायची, आले का? मी मान हलवायची, अजून नाही. मग तिची पाळी संपली. जाताना मला पाण्याची बाटली देऊन गेली. म्हणाली, "तुझे बाबा फारच उशीर करतात."

मग धुकं पडलं. विमानं खोळंबली. मोठ्यांना हॉटेलात नेलं, मला तिथेही सोबत मोठं माणूस हवं म्हणाले. पहाटे सांगितलं की आता लहान विमान जाणार आहे, सगळा माल त्यात मावणार नाही, काही उद्या-परवा येईल. मी फाटकावरच्या माणसाला पेटीचा नंबर दाखवला. त्यानं यादी पाहिली आणि म्हणाला, "हा माल राहिलाय." तेव्हा मी म्हटलं. "तो माल माझे वडील आहेत. ते वारलेत." असं पहिल्यांदा त्याला म्हटलं. नाव पण माहीत नाही त्याचं.

त्यानं यादी खाली ठेवली. मी म्हटलं, मी थांबते, त्यांच्याबरोबरच जाईन, खुर्चीवर बसेन, मला काही नको. तो फोन करून आला. म्हणाला, तू अठराच्या आतली, सोबत मोठं कोणी नसताना तुला दोन दिवस इथे ठेवता येत नाही, याच विमानानं जावं लागेल. मी म्हटलं, नाही जाणार. मग एक बाई आल्या, त्यांनी मला दंडाला धरून नेलं. त्या माणसानं शेवटचं विचारलं होतं, "तुझ्याजवळ येऊन थांबेल असं मोठं कोणीच नाही का?" मला तू आठवलीस. मी म्हटलं, कोणी नाही.

बस, एवढंच झालं.

आता ऐक. हे आईला सांगायचं नाही, माझी शपथ आहे तुला. मी आपणहून आले असंच तिला वाटू दे. तिला कळलं की मला ओढून नेलं, तर फाटकाशी जे बोलली ते तिला आयुष्यभर टोचत राहील. ती आजीचं करते, दुकान करते, अजून एक कशाला? मला चालतं. शप्पथ.

खारू


९ जून

वहिनी,

तिनं मला शपथ घातली आहे. तिचं पत्र सोबत पाठवते आहे. शपथ मोडायचं पाप माझ्या डोक्यावर. एवढ्या वर्षांत तुमच्यासाठी आणि तिच्यासाठी मला करता आलं असं हे एकच काम. तुम्ही वाचा आणि तिला जवळ घ्या.

ती माझं तोंड पाहणार नाही आता. तसंही ते तिला कुठे दिसणार होतं.

तुमची वन्सं


१ जुलै

वन्सं,

पत्र वाचलं आणि तशीच घरी आले, दुकान अर्ध्यावर टाकून. खारू मोरीत आईंच्या चादरी धूत होती. मी तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले आणि तिचं पत्र पुढे धरलं. तिनं अक्षर ओळखलं. फक्त एवढंच म्हणाली, "आत्यानं पाठवलं होय?"

मी म्हटलं, "चुकलं गं माझं. मी काय बोलून बसले." रडत होते, नाक पुसायचंही भान नव्हतं. वाटलं, आता ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल. तिनं पदराला पुसावेत तसे हात स्वतःच्याच सदऱ्याला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले. "असू दे आई. तू रात्रभर जागी होतीस. माझ्या तर लक्षातही नाही आता." आणि मग, "मी त्या पत्रात जरा जास्तच लिहिलंय. ओढून-बिढून कोणी नेलं नाही. मला झोप येत होती, म्हणून आले मी."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. पापणी लवली नाही.

तेव्हापासून ती बोलते, वन्सं. सकाळी उठल्यापासून बोलते. शाळेत काय झालं ते सांगते. गोड बोलते, हसून बोलते. शेजारची म्हणाली, चला, पोर मार्गी लागली. मी हो म्हटलं. पण शाळेत ती जातच नाही, मास्तरीणबाई मला बाजारात भेटल्या होत्या. "जेवलीस का?" विचारलं तर "पोटभर" म्हणते, आणि भांडं जसंच्या तसं झाकलेलं असतं. "झोप लागते का?" "मस्त लागते." तिच्या खोलीतला दिवा मला दिसतो.

विचारायचं बंद केलं मी. जे विचारीन त्याचं ती मला सोसेल असं उत्तर तयार करून देते. माझ्याच घरात माझी मुलगी आहे कशी, हे मला कुणाला विचारता येत नाही.

तुमच्यावर रागावलीय का, एवढं मात्र तिला विचारलं. "छे गं, कशाला?" म्हणाली. मग म्हटलं, आत्याला दोन ओळी लिही. म्हणाली, "तूच लिही ना. सांग, मी मजेत आहे."

तर वन्सं, ती मजेत आहे. तसं तिनं कळवायला सांगितलंय.

तुमची वहिनी